रॉस १२८ : एप्रिलची नोंद

खारघरच्या गच्चीवरून रॉस १२८ हा अंधुक तारा एकदाचा पकडला. सिंह राशीतल्या उत्तरा फाल्गुनीवरून सरळ दक्षिणेला उतरत कन्या राशीतल्या बीटा व्हर्जिनिस या ताऱ्यावर यायचं, तिथून नैऋत्येला साधारण सव्वा अंश. प्रत (तेजस्वितेचा आकडा, जितका मोठा तितका तारा अंधुक) ११.१, म्हणजे ८ इंची डॉबमधून (डॉब्सोनियन दुर्बिणीतून) आपल्या दुधाळ आकाशात जेमतेम. नजर जरा बाजूला वळवली की टिपका उमटतो, थेट बघितलं की गायब. बरं, तारा विषुववृत्तालगतच असल्याने आपल्याकडे ७० अंशांच्या वर चढतो, सायन-पनवेल रस्त्याचा उजेड तिथे कमी नडतो.

त्याचा ग्रह २०१७मध्ये चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या हार्प्स उपकरणाने शोधला. ग्रहाच्या ओढीने तारा सेकंदाला दीडेक मीटर वेगाने पुढेमागे डुलतो. खारघरच्या सेंट्रल पार्कात सकाळी फिरणाऱ्या काकांची चाल तेवढीच, आणि ती मोजली ११ प्रकाशवर्षांवरून! ग्रहाचं वर्ष ९.९ दिवसांचं, वस्तुमान पृथ्वीच्या किमान १.३५ पट. अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं, दिसत नाही, त्यामुळे त्रिज्या मोजलेलीच नाही. ‘पृथ्वीएवढा’ हे बिरुद सध्या उधारीवर आहे. ऊर्जा मिळते पृथ्वीच्या १.३८ पट. वातावरण असेल आणि ढग साथ देत असतील तरच पाणी टिकेल.

प्रॉक्सिमा बी हा ग्रह याहून जवळ, पण त्याचा तारा भलताच तापट. रॉस १२८ त्यामानाने शांत, म्हणून राहण्याजोगेपणात लोक याला झुकतं माप देतात. मी जरा हात राखून आहे. याच ताऱ्याचं दुसरं नाव एफआय व्हर्जिनिस, आणि रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांच्या यादीत तो भडका तारा, म्हणजे अचानक उजळणारा तारा, म्हणून नोंदलेला आहे. म्हातारपणी निवळला असेलही, पण तरुणपणी ग्रहाचं वातावरण किती खरवडलं ते कोण सांगणार?

ग्रह आपल्याला दिसणार नाहीच, पण तारा सरकलेला दिसतो. मित्राच्या ८० मिमी दुर्बिणीने, इक्विटोरियल माउंटवर (आकाशाच्या फिरण्याबरोबर वळणाऱ्या बैठकीवर), २० सेकंदांच्या फ्रेम्स घेऊन स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक जोडल्या, आणि १९५०च्या दशकातल्या पालोमार आकाश-सर्वेक्षणाच्या छायाचित्र-प्लेटवर ठेवल्या. बाकीचे तारे बसले चपखल, हा एकटा दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे, दीड कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पुढे. वर्षाला सुमारे १.३६ विकला (कलेचा साठावा भाग) या छापील आकड्याशी छान जुळतं.

पुढचं काम भडका पकडायचं. भडके निळ्यात जास्त उठून दिसतात, तेव्हा निळा फिल्टर लावून सलग दोन-तीन तास प्रकाशमापन करायचं आहे. मोनो (कृष्णधवल) कॅमेरा मात्र माझ्याकडे नाही. ठाणे-पनवेल पट्ट्यात कुणाकडे असेल तर मे संपायच्या आत बोला, नंतर ढग काही करू देणार नाहीत.