तुम्ही विचारलंत म्हणून: घरी दुर्बिणीचा आरसा बनवताना टूल, म्हणजे ज्यावर आरशाची काच घासतात ती तबकडी, प्लास्टरचंच का?

"दोन काचा का नाही घेत?" हा प्रश्न मला पाठ झालाय. एक आरसा, एक टूल, दोन्ही काचेची. जुनी पद्धत, बिनभानगडीची. कबूल. पण आठ इंच व्यासाची जाड काच गुहागरात मिळत नाही, आणि जी शेवटी अडगळीत जायची तिच्यावर मी तेवढेच पैसे घालणार नाही. चिक्कू म्हणा. प्लास्टर गणपतीच्या कारखान्यात मिळतं, टाइल्सचे तुकडे गवंडी फुकट देतो.

दुसरा प्रश्न जास्त बोचतो: "आपल्या हवेत प्लास्टर टिकतं?"

टिकतं. एक टिकलं नाही.

आषाढ होता. एफ/6, म्हणजे व्यासाच्या सहापट नाभीय अंतराच्या, आरशाला मध्यभागी 2.1 मिलिमीटर खोली आली होती. त्यावर पातळ प्लास्टिक, कडेने पुठ्ठा, आणि ओतलं. थोड्या वेळात हाताला गरम लागलं, मग टणक वाजलं. मी खूश. चौथ्या दिवशी व्हार्निशचे दोन हात, वर एपॉक्सीने टाइल्स. आरशात कडी उमटू नये म्हणून मधली टाइल मुद्दाम केंद्रावरून सरकवलेली. एवढी अक्कल होती.

घासायच्या पुडीचे 120, 220 नंबर सुरळीत गेले. 320 ला, रात्री दहाच्या सुमाराला, ओट्यावर आवाज बदलला. एकसुरी सुसू चालली होती, तीत खर्रर्र. हात थांबेपर्यंत अर्धी फेरी झालेली. उचलून बघतो तर कडेची टाइल सुटलेली, तिच्या पाठीला ओलं प्लास्टर, खरवसासारखं. आरशावर मध्यापासून कडेपर्यंत ओरखडा, नख अडकेल असा. आई म्हणाली, "धुतलास की जाईल." मी तिच्यावर ओरडलो. ते अजून सलतं.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो, कोकणची हवाच वाईट. खोटं. शंभर ग्रॅम प्लास्टरला घट्ट व्हायला जेमतेम 19 ग्रॅम पाणी लागतं. ओतता यावं म्हणून मी 65 घातलं होतं. उरलेलं बाहेर पडायच्या आत वरून व्हार्निश फासून मीच कोंडलं.

आता टूल रोज काट्यावर ठेवतो. तीन दिवस आकडा हलला नाही की मगच व्हार्निश. पण मागच्या श्रावणात असंच वाळलेलं, अजून व्हार्निश न लावलेलं टूल पुन्हा 12 ग्रॅमनी वाढलं. म्हणजे हवा अगदीच निर्दोष नाही.

काचेचा भाव विचारून ठेवलाय. नुसता विचारलाय.