फ्रिजवरचा तक्ता

लेकाला आवाज-स्पर्शाचा त्रास कमी व्हावा म्हणून रोज करायच्या गोष्टींचा तो तक्ता मीच चिकटवला होता. सकाळी सातला भिंत ढकलणे, शाळेतून आल्यावर झोका, संध्याकाळी वाळूत हात, रात्री जड पांघरूण. झालं की त्या चौकटीत टिक. आज आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि थोडी लाजही वाटते. त्यात सगळं होतं, फक्त ज्याच्यासाठी केलं त्याचं मत नव्हतं.

माझा लेक चौदा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. बोलतो, पण मोजकंच. बारावं लागलं आणि लहानपणी आटोक्यात आलेल्या गोष्टी पुन्हा वर आल्या. कॉलरचं लेबल टोचायला लागलं. ट्यूबलाइटची गुणगुण आम्हाला ऐकू यायची नाही, तो मात्र कान दाबून बसायचा. शाळेच्या स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र बसवलं, त्या आठवड्यात दोनदा मेल्टडाऊन झाला, म्हणजे सगळं असह्य होऊन त्याचा ताबाच सुटला. हे हट्ट नाहीत, हे कळत होतं. काय करायचं, ते कळत नव्हतं.

ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजचे व्यवहार जमावेत म्हणून उपचार देणाऱ्या तज्ज्ञांकडे गेलो. पहिल्या भेटीत मॅडमनी त्याला हातही लावला नाही. माझ्याकडून एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतली आणि तासभर त्याला नुसतं खेळू दिलं. मग समजावलं, की पाच ज्ञानेंद्रियांवर गोष्ट संपत नाही. स्नायू आणि सांधे आपलं अंग कुठे आहे ते सांगतात, आतल्या कानातून तोल आणि हालचाल कळते, आणि भूक, लघवी, छातीतली धडधड ही आतली जाणीव वेगळीच. माझ्या लेकाला आवाज नको इतका ऐकू येत होता आणि स्वतःचं अंग मात्र पुरेसं जाणवत नव्हतं. म्हणून तो दारं आपटायचा, सोफ्यावर धाडकन पडायचा. दोन्ही एकाच मुलात असू शकतं, हे मला नवीन होतं. 2013 पासून डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत अशा कमी-जास्त संवेदनांचा ऑटिझमच्या निकषांत समावेश आहे, हेही तेव्हाच कळलं.

तिथून मी उत्साहानं तक्ता केला. मॅडमनी सुचवलं होतं चार गोष्टी करून बघा, मी केल्या अकरा. इंटरनेटवर दिसेल ते आणलं. तीन महिन्यांत तक्ता टिकांनी भरला आणि पोरगा आणखी चिडका झाला.

झोक्याचा प्रसंग तर विसरणार नाही. मागे-पुढे संथ झोका शांत करतो, आणि गोल गिरक्या मज्जासंस्थेला चेतवतात. हा फरक मला सांगितलेला होता. तरी त्याला आवडतंय म्हणून मी गिरक्या देत राहिले. तो हसत होता. अर्ध्या तासानं उलटी झाली, आणि रात्री दोनपर्यंत झोप नाही. परिणाम लगेच दिसतोच असं नाही, हे मी असं शिकले.

जड पांघरुणाचंही तेच. आठवडाभर मी घालायचे, तो लाथेनं उडवायचा. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "2014मध्ये स्वमग्न मुलांवर त्याची रीतसर चाचणी झाली होती. झोपेत फरक पडला नाही, पण बऱ्याच मुलांना ते पांघरूण आवडलं. तुमच्याला आवडतं का, ते विचारलंत?" नव्हतं विचारलं. इथे एक सांगते: पांघरूण मुलाला स्वतःच्या हातानं बाजूला करता आलंच पाहिजे. ते जमत नसेल तर घालूच नये.

वळण आलं ते एका रविवारी. दुपारी खोलीतून सरकवल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर यानं स्वतःची गादी उभी करून कपाटाला टेकवली होती आणि मधल्या फटीत पाठ घालून बसला होता. गुडघे छातीशी, डोळे मिटलेले, खांदे खाली. त्याचे खांदे खाली आलेले मी कितीतरी दिवसांनी पाहिले. माझा हात गादी सरळ करायला पुढे गेला होता, तो मागे घेतला. वीस मिनिटांनी तो आपण होऊन बाहेर आला आणि दप्तर भरायला बसला.

दुसऱ्या दिवशी तक्ता काढला. त्या जागी आठ-दहा चित्रांची कार्डं आली, त्यांत एक लाल, त्यावर 'बास'. कार्ड तो निवडणार, वेळ तो ठरवणार, 'बास' दाखवलं की त्याच क्षणी थांबायचं. पहिल्या आठवड्यात त्यानं लाल कार्डाशिवाय दुसरं उचललंच नाही. मला वाटतं, ते खरंच चालतं का हे तो तपासत होता. पुढे कार्डिफ विद्यापीठाचा एक अभ्यास वाचला. सेन्सरी रूम, म्हणजे दिवे, आवाज, स्पर्श यांची साधनं असलेली खास खोली, तिथले दिवे आणि आवाज मुलांच्या स्वतःच्या हातात दिले, तेव्हा त्यांचं लक्ष जास्त लागलं. 41 मुलांचाच अभ्यास, वयही चार ते बारा, त्यामुळे त्यावर फार इमले बांधत नाही. पण घरात तेच दिसत होतं.

वाळू पहिल्याच फेरीत बाद झाली. चौदा वर्षांच्या मुलासमोर मी बालवाडीतली खेळणी मांडली होती, त्याचा अपमान होत होता. टिकलं काय, तर जडकाम: ओल्या कपड्यांची बादली गच्चीवर नेणं, पुस्तकांचे खोके हलवणं. आणि पोहणं. पाण्याचा दाब सगळ्या अंगावर सारखा येतो, कुणी धरावं लागत नाही. ज्या दिवशी पोहतो त्या दिवशी दारं आपटत नाहीत. हा माझ्या वहीतला हिशेब, सिद्धांत नव्हे. संवेदनांवरच्या या उपचारांचा पाया अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन एअर्स यांनी घातला, पण घरी करायच्या अशा गोष्टींबद्दलचा पुरावा अजून तोकडाच आहे. म्हणून कोणी 'हमखास गुण' म्हणालं की मी उठून येते.

हात वाळवायच्या यंत्राचं मात्र अजून जमलेलं नाही. हेडफोन दिले, पण ते दिवसभर घातले तर साधे आवाजही नकोसे व्हायला लागतात, म्हणून तेवढ्यापुरतेच. शेवटी शाळेला पत्र लिहिलं. आता तो यंत्र नसलेल्या खालच्या मजल्यावर जातो, खिशात स्वतःचा रुमाल घेऊन. रुमालाची कल्पना त्याची.