देवास-टोंकखुर्दची शेततळी: इंदूरहून पाहायला जाणाऱ्यांसाठी

इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रवास करून आणि चारशे मीटरहून अधिक उंची चढून आपल्यापर्यंत पोहोचते. १९७८ पासून ही सोय झाल्यामुळे शहराची तहान भागली; पण ज्या शेतांतून आपला गहू, हरभरा आणि तूर येते, त्या शेतांसाठी एवढे पाणी इतक्या उंचीवर चढवणे कोणालाही परवडणारे नाही. माळव्याचे पुढचे अन्न माळव्यावर पडणाऱ्या पावसातूनच पिकवावे लागणार आहे. हे कसे साधते ते प्रत्यक्ष पाहावे, या हेतूने आम्ही काही इंदूरकर मराठी मंडळी, ज्यांच्या घरच्या शेती सांवेर-देपालपूर भागात आहेत, दसऱ्यानंतर देवास जिल्ह्यातील शेततळी पाहून आलो. आमच्यामागून जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

देवासच का, हे आधी सांगितले पाहिजे. १९९० च्या सुमारास या शहराला रेल्वेने पिण्याचे पाणी पुरवावे लागले होते, ही गोष्ट आपल्याकडच्या ज्येष्ठांना चांगली आठवते. त्याच काळात जिल्ह्याच्या खेड्यांत कूपनलिका खोल खोल जात होत्या. आपला प्रदेश दख्खनच्या काळ्या खडकाचा आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींमध्ये. त्याखाली कितीही खोल गेले तरी पाण्याची खात्री नसते, आणि एकदा उपसलेले पाणी पुन्हा भरायला वेळ लागतो. जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे आणि त्यातील सुमारे नऊ-दशांश पाणी शेतीला जाते, हे लक्षात घेतले म्हणजे कूपनलिका कोरडी पडण्याचा अर्थ ताटापर्यंत कसा पोहोचतो ते स्पष्ट होते.

२००६ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी येथे भागीरथ कृषक अभियान सुरू केले. मोठ्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा तळ्यासाठी द्यावा आणि पावसाचे वाहून जाणारे पाणी तिथेच अडवावे, असा आग्रह त्यांनी धरला. मोठे शेतकरी आधी निवडण्यामागचे कारण मला फार पटले: भूजलाचा उपसा त्यांचाच जास्त होता, आणि त्यांच्याकडे जमीन व ट्रॅक्टर असल्यामुळे सुरुवातीचा धोका तेच पत्करू शकत होते. तळ्यांना रेवासागर असे नाव मिळाले, आणि २००७ मध्ये राज्य शासनाने बलराम तालाब योजनेतून अशा तळ्यांना अनुदान देण्यास सुरुवात केली. जिल्ह्यात आज अशी हजारो तळी आहेत.

इंदूरहून देवास आग्रा-मुंबई रस्त्याने तासाभरात येते. तेथून मक्सीच्या दिशेने निघून टोंककलां व टोंकखुर्दच्या परिसरात शिरले की शेताशेतांत तळी दिसू लागतात. या गावांमध्ये जाणारी सार्वजनिक वाहने थोडी आहेत, म्हणून स्वतःचे वाहन असलेले बरे. सकाळी पोहे खाऊन लवकर निघावे. दुपारी शेतकरी जेवायला घरी जातात आणि मग बांधावर बोलायला कोणी सापडत नाही. माळवीत दोन शब्द बोलता आले तर ओळख लवकर होते, हे वेगळे सांगायला नको.

आम्हाला सर्वांत जास्त वेळ एका तळ्याच्या काठावर लागला, आणि तो सत्कारणी लागला असे मी मानतो. तळ्याचे मालक, सत्तरी ओलांडलेले काका, पेरणीआधी पाण्याचा हिशेब कसा करतात ते त्यांनी आम्हाला जमिनीवर रेघा ओढून दाखवले. तो हिशेब मी येथे आपल्या मापांत मांडतो, कारण या प्रवासातून घ्यावी अशी मुख्य गोष्ट हीच आहे. एक हेक्टर शेत धरले तर त्याचा दहावा हिस्सा म्हणजे १,००० चौरस मीटर. तीन मीटर खोलीचे, उतरत्या काठांचे तळे एवढ्या जागेत खोदले तर त्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. आपल्या भागात सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे एका हेक्टरवर सुमारे ९,५०० घनमीटर पाणी पडते. त्याचा पाव हिस्सा वाहून तळ्यात आला तरी ते भरते. बाष्पीभवन आणि झिरप वजा करता रब्बीसाठी दीड हजार घनमीटरच्या आसपास पाणी हाती राहते, आणि तुषार संचाने दिले तर एका पाळीला, म्हणजे शेताला एकदा पाणी देण्याला, हेक्टरी ५०० घनमीटर पुरते. उरलेल्या नव्वद गुंठ्यांवर तीन पाळ्या बसतात.

आता काका काय करतात ते पाहा. ऑक्टोबरमध्ये तळ्यात रोवलेल्या खुंटावरून ते पाण्याची पातळी पाहतात आणि मगच किती जमिनीत गहू व किती जमिनीत हरभरा हे ठरवतात. तळे काठोकाठ असेल तर गव्हाचे क्षेत्र वाढते. कमी असेल तर हरभऱ्याचे, कारण हरभऱ्याला फुलोऱ्यापूर्वी एक आणि घाटे भरताना एक, अशा दोन पाळ्यांत चांगले पीक येते. गव्हाला पाणी कमी पडलेच तर पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाच्या सुमारास, मुकुटमुळे फुटताना, द्यायची पाळी ते कधीही चुकवत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की कूपनलिकेचे पाणी दिसत नाही, म्हणून माणूस पीक आधी ठरवतो आणि पाणी नंतर शोधतो. तळ्याचे पाणी डोळ्यांसमोर असते, म्हणून क्रम आपोआप उलटतो. दुष्काळी वर्षांत धान्याची हमी या क्रमावरच अवलंबून राहील, असे माझे ठाम मत झाले आहे.

तळे पाहताना तीन-चार गोष्टींकडे अवश्य लक्ष द्यावे. पाणी आत येते त्या तोंडाशी गाळ थांबवणारा खड्डा आहे का, हे पाहावे; तो नसेल तर काही वर्षांत तळे उथळ होते. जास्तीचे पाणी बाहेर काढणारा सांडवा दगडांनी बांधलेला आहे का, हेही तपासावे, कारण एका मुसळधार पावसात कच्चा सांडवा भरावासकट वाहून जाऊ शकतो. तळ काळ्या चिकण मातीचा आहे की खाली मुरूम लागला आहे, हे मालकाला विचारावे. काळी माती स्वतःच पाणी धरते, मुरमात ते झिरपते. झिरपलेले पाणी आसपासच्या विहिरींना मिळते, त्यामुळे ते वाया गेले असे म्हणता येणार नाही, पण रब्बीचा हिशेब मात्र बदलतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. तेथे प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली अनेक शेततळी विहिरी व बोअरच्या पाण्याने भरली जातात. अशा तळ्यामुळे सर्वांच्या सामाईक भूजलाचा साठा एका शेतात येऊन उन्हात उडून जातो आणि शेजाऱ्याची विहीर आटते. देवासच्या तळ्यांचा गुण तळ्याच्या आकारात नाही, ती पावसाच्या वाहत्या पाण्यावर भरतात यात आहे. हा फरक लक्षात न घेता केवळ खोदकामाची नक्कल केली तर नुकसानच होईल.

वेळ असल्यास परतताना किंवा दुसऱ्या दिवशी इंदूरमध्येच दोन ठिकाणे पाहावीत. खंडवा रस्त्यावरील सोयाबीन संशोधन संस्थेत रुंद वरंबा-सरी पद्धतीची माहिती मिळते; या पद्धतीत अतिवृष्टीचे पाणी सरीतून निघून जाते आणि पावसाने ओढ दिली तर वरंब्यात ओल टिकते. पूर्वपरवानगी घेऊन गटाने जावे. दुसरे ठिकाण म्हणजे कृषी महाविद्यालय. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथेच, तेव्हाच्या वनस्पती उद्योग संस्थेत, काडीकचरा व शेणापासून खत करण्याची जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी रीत सिद्ध केली. सेंद्रिय अंश वाढलेली जमीन पाणी अधिक धरून ठेवते, म्हणून हा विषय पाण्यापासून वेगळा काढता येत नाही. आपल्या शहराचे हे देणे आपल्याच तरुणांना ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते.

केव्हा जावे, असे अनेकांनी विचारले आहे. तळी भरलेली पाहायची असतील तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ योग्य. पण ज्यांना स्वतः तळे खोदायचे आहे त्यांनी फेब्रुवारीत जावे, कारण शेवटच्या पाळीनंतर किती पाणी उरले आणि गाळ किती साचला हे तेव्हाच कळते. पावसाळ्यात काळ्या मातीचे काठ फार निसरडे असतात आणि बहुतेक तळ्यांना कुंपण नसते, म्हणून लहान मुलांना नेऊ नये. शेतात शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. सोबत लांब टेप, वही आणि आपल्या शेताचा नकाशा ठेवावा. नकाशावर उतार कोणत्या बाजूला आहे हे आधीच खुणावून नेले तर तळ्याची जागा कोठे असावी याबद्दल तेथील शेतकरी नेमका सल्ला देतात. अनुदानाचे नियम व रक्कम बदलत असते, त्यामुळे खोदकाम सुरू करण्यापूर्वी आपल्या विकासखंडाच्या कृषी कार्यालयात अर्जाची चौकशी करावी, आणि खोदकाम उन्हाळ्यातच, पहिल्या पावसाआधी, पुरे करून घ्यावे.