दोन फूट एक इंच

मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाहून सुटलेली लोकल जॉलिमॉन्टकडे वळते तेथे रुळांचे असे जाळे पसरले आहे की, याच भागात एके काळी हिरवळ होती यावर विश्वास बसत नाही. ईस्ट मेलबर्न क्रिकेट ग्राउंड ते हेच, आणि 1921 पर्यंत एसेन्डन क्लब आपले 'फुटी'चे, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे, सामने येथे खेळत असे. पुढे रेल्वेला यार्ड वाढवायचे होते. मैदान गेले आणि क्लबने विंडी हिलला बिऱ्हाड हलवले. परवा दुपारी गाडी सिग्नलला तेथेच थांबली आणि मला एसेन्डनचा जुना खेळाडू आल्बर्ट थरगूड आठवला; खरे म्हणजे त्याची एक किक आठवली.

1899 मध्ये या मैदानावर त्याने मारलेली प्लेस किक मोजली गेली, ती 107 यार्ड 2 फूट 1 इंच भरली. म्हणजे जवळजवळ साडेअठ्ठ्याण्णव मीटर! आज गोलपासून 50 मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून गोल झाला तरी समालोचकाचा आवाज चढतो. अर्थात थरगूडने चेंडू हातातून सोडून मारला नव्हता. लंबगोल चेंडू जमिनीवर नीट टेकवून ठेवायचा, मागे जायचे आणि धावत येऊन मारायचा, अशी ती रीत होती. ती आता पार मोडली.

मला मात्र त्या यार्डांपेक्षा शेवटच्या इंचाचे कौतुक अधिक. आमचे आजोबा नागपूरचे. सी. के. नायडूंनी 1926 मध्ये बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध ठोकलेल्या अकरा षटकारांची गोष्ट ते जेवणानंतर सुपारी कातरता कातरता सांगत, आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांतला एखादा चेंडू आणखी थोडा लांब जाऊन पडे. "अहो, निदान मुंबईत तरी पडू द्या त्याला," असे आजी आतून म्हणे. थरगूडच्या किकला ती मुभा उरली नाही. कोणीतरी फीत धरली असणार, तिचे दुसरे टोक घेऊन आणखी कोणी चालत गेला असणार, चेंडू टेकल्याची खूण गवतात वाकून शोधली असणार, आणि एवढ्या अंतरापुढे एका इंचाला काय किंमत, असे त्या दोघांपैकी एकाच्याही मनात आले नसणार.

1892 पासून सलग तीन वर्षे व्हिक्टोरियात सर्वाधिक गोल त्याचेच होते. त्यांतल्या 1893 मध्ये तर एसेन्डन एकदाही हरले नाही. मग तो पश्चिम ऑस्ट्रेलियात गेला, परतला आणि 1901 च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवुडला 43–16 असे लोळवणाऱ्या संघातही होता. 1927 मध्ये मोटार अपघाताने त्याचा अंत झाला. आज एसेन्डनच्या चाहत्याला जुने नाव विचारा, तो डिक रेनल्ड्सपाशी किंवा जॉन कोलमनपाशी थांबतो. कोलमनने 1949 मध्ये पहिल्याच सामन्यात बारा गोल केले होते आणि सर्वाधिक गोलांचे पदक त्याच्या नावाने दिले जाते, म्हणून तक्रार करवत नाही. पण थरगूडच्या नावाने निदान एखादी फीत तरी असायला हवी होती.

आमचे चिरंजीव कॉलिंगवुडचे चाहते. त्यांना हे सगळे मी रात्री जेवताना ऐकवले. "ते ठीक आहे, बाबा," ते म्हणाले, "पण 2000 नंतर एसेन्डनने काय जिंकले ते सांगा." मी भात वाढून घेतला.