तुम्ही विचारलंत म्हणून: जंताची एक गोळी दिली की झालं ना?

परळच्या आमच्या लॅबमध्ये शौचाच्या तपासणीची डबी देताना नातेवाईक हमखास विचारतात, "मॅडम, ब्लड कॅन्सरच्या माणसाला जंतांचं काय एवढं? एक गोळी दिली की झालं ना?" नाही हो, तेवढ्यानं होत नाही.

दीर्घकाळ चालणाऱ्या ल्युकेमियाचा, म्हणजे ब्लड कॅन्सरचा, पेशंट वरून ठणठणीत दिसतो. लोकलनं कामावर जातो, रात्री घरी जेवतो. पण सीएलएल या त्याच्या एका प्रकारात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असल्या तरी त्या लढायच्या कामाच्या नसतात, आणि अँटिबॉडी कमी होत जातात. जिआर्डियासारख्या परजीवीला आतड्यातून हाकलायला याच अँटिबॉडी लागतात. म्हणून इतरांचं पोट सावरतं तिथं यांचं महिनोन्‌महिने बिघडलेलं राहतं. सीएमएल या दुसऱ्या प्रकाराचं वेगळंच. त्यावरच्या इमॅटिनिब या गोळीनं जुलाब होतात हे घरात सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे दर वेळी दोष गोळीवर जातो. पुष्कळदा तो खराही असतो, पण तपासल्याशिवाय तसं ठरवू नका. मनानं इमॅटिनिब बंद तर मुळीच करू नका.

पावसाळ्यात महापालिका पाणी उकळून प्यायला सांगते, ते या पेशंटनी वर्षभर पाळावं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. पाणी खळखळून उकळलं की मात्र मिनिटभरात मरतो. आणि साध्या 'स्टूल रूटीन'मध्ये तो सहज निसटतो. टीबीच्या थुंकीला करतात तसलं, थोडं बदललेलं स्टेनिंग (नमुन्याला रंग देऊन पाहणं) त्याला लागतं, आणि कोणी मागितल्याशिवाय ते सहसा होत नाही. 'नॉर्मल' रिपोर्ट घेऊन निश्चिंत मनानं गेलेला माणूस पुढच्या खेपेला आणखी वाळून येतो, तेव्हा माझ्या पोटात तुटतं. म्हणून फॉर्मवर 'ल्युकेमिया' लिहाच, चालू औषधंही लिहा. डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने सांगितले असतील तर कंटाळू नका. परजीवी रोज दिसतातच असं नाही.

मला सगळ्यात जास्त धास्ती स्ट्राँगिलॉइडिस या जंताची. आमच्याकडे येणाऱ्यांत कोकणातले, घाटावरचे खूप. लहानपणी अनवाणी शेतात राबलेले. या जंताची अळी तळपायाच्या कातडीतून शिरते, आणि तो आतल्या आतच पिढ्या वाढवत दशकानुदशकं मुक्काम करतो. त्रास जवळजवळ नसतो. मग सीएलएलमध्ये कधीकधी शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडू लागतं, त्यासाठी स्टिरॉइड सुरू होतात, त्यांनी प्रतिकारशक्ती दबते, आणि अळ्या बेसुमार वाढून आतड्यातले जीवाणू बरोबर घेऊन रक्तात, फुप्फुसात पोचतात. यात माणूस दगावू शकतो. स्टिरॉइडच्या आधीच डॉक्टरांना गावाचं, शेतीचं सांगा. शौचाबरोबर रक्ताचीही तपासणी करता येते. जंत सापडलाच तर त्याच्यावर आयव्हरमेक्टिन लागतं, तेही डॉक्टर सांगतील तसंच. तुम्ही विचारता ती गोळी म्हणजे बहुधा अल्बेंडाझोल. तिच्या एका डोसवर हा जंत सहसा जात नाही.