पूल किती फुटांवर असताना?

मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो. गावानं 2019 चा महापूर सोसला होता, 2021 ला पाणी पुन्हा आलं. त्यामुळे 2022 च्या मे महिन्यात पूरनियोजनाची ग्रामसभा लावली तेव्हा देऊळ गच्च भरलं. बघता बघता भांडण पेटलं.

वरच्या आळीचं म्हणणं, मळीकडचे, म्हणजे नदीलगतचे लोक वेळेत घर सोडत नाहीत आणि मग आमच्या पोरांना बोट घेऊन भर पाण्यात उतरावं लागतं. मळीकडचे उसळले, "मग जनावरं काय डोक्यावर घेऊन निघू?" तिथून गाडी कोयना धरणाच्या विसर्गावर आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या दरवाजांवर गेली. प्रश्न महत्त्वाचे, पण त्यांचं उत्तर त्या देवळात कुणाकडेच नव्हतं. अशाच प्रश्नांवर सभेत आवाज सगळ्यात जास्त चढतो.

मी शाळेतला फळा मागवला. त्यावर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी मोजतात ती कृष्णेची पाणीपातळी लिहिली: 40 फूट इशारा, 45 फूट धोका, 2019 ला 57 च्याही वर. म्हटलं, "चूक कुणाची ते आज राहू द्या. पूल किती फुटांवर असताना पाणी तुमच्याकडं कुठवर येतं, तेवढं सांगा."

कुणी बोलेना. मग मागून एक आजी म्हणाल्या, "पंचेचाळीसला माझ्या दावणीला पाणी लागतंय, भाऊसाहेब. पर वढ्यावरचा रस्ता त्याच्या आधीच बुडतोय."

ओढ्यावरचा रस्ता बुडतो हे वरच्या आळीला ठाऊक होतंच. पण घर कोरडं दिसतं म्हणून माणूस थांबतो आणि पाणी दारात येईस्तोवर जनावरं न्यायची वाट बंद झालेली असते, हे त्यांनी असं जोडून पाहिलं नव्हतं. त्यानंतर आकडे भराभर आले. दोन शेजाऱ्यांचे आकडे जुळेनात. विचारल्यावर कळलं, एक जण परड्याचं सांगतोय, दुसरा उंबऱ्याचं. दोन्ही लिहिले.

बोटीवरून पुन्हा जुंपली. 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते कुणीच विसरलं नव्हतं. मी दोन्हीकडच्या एकेका तरुणाला उभं केलं. "आधी समोरच्याचं म्हणणं तुम्ही सांगा. तो 'बरोबर' म्हणाला की मग तुमचं." पहिल्या खेपेला मळीकडच्यानं त्यात टोमणा घातला, समोरच्यानं नकारार्थी मान हलवली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "रात्रीचं बोलावल्यावर ह्यांच्या घरचे हातापाया पडत्यात, जाऊ नको म्हणून." समोरचा म्हणाला, "बरोबर." सभेतलं माझं काम असं एखादं 'बरोबर' निघेपर्यंत दम धरण्याचं आहे, असं मी मनापासून मानतो.

ठराव झाला: पूल 38 फुटांवर गेला की जनावरं हलवायची, ट्रॅक्टर-ट्रॉल्या वरच्या आळीनं द्यायच्या, रात्री बोट काढायची वेळ येऊ द्यायची नाही. वरच्या आळीच्या तरुणानं तो मांडला, मळीकडच्यानं अनुमोदन दिलं. चाऱ्याचं मात्र ठरलं नाही. छावणीतल्या जनावरांना वैरण कुणी पुरवायची, यासाठी दोन्ही आळ्यांतली माणसं घेऊन समिती केली आणि पुढच्या बैठकीची तारीख त्याच फळ्यावर लिहिली.