आराखड्यातले रिकामे तुकडे

शहराचा विकास आराखडा समोर उलगडला की बहुतेकांची नजर आधी रस्त्यांवर आणि निवासी पट्ट्यांवर जाते. माझी मात्र त्यातल्या लहान लहान आरक्षित भूखंडांवर खिळते, कारण वीस-पंचवीस वर्षांनी तिथे राहायला येणाऱ्यांना शाळा, दवाखाना आणि मैदान हाताशी मिळणार की नाही, हे त्या तुकड्यांवरच ठरते. जमीन एकदा बांधकामाखाली गेली की सहसा परत मिळत नाही, आणि मिळालीच तर कुणाला तरी उठवून मिळते.

न्यूयॉर्कच्या १८११ च्या आराखड्यात मॅनहॅटन बेटावर १५५ व्या रस्त्यापर्यंत काटकोनी रस्ते आखले गेले, पण मोकळ्या जागा फारच कमी ठेवल्या गेल्या. पुढे ही उणीव जाणवू लागली, १८५३ मध्ये सेंट्रल पार्कसाठी जमीन घेण्याचा कायदा झाला आणि सुमारे १,६०० माणसांना घरे सोडावी लागली. त्यांत सेनेका व्हिलेज ही वस्तीही होती, जिथे अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर राहत होती. त्या उद्यानाची थोरवी मान्य करूनही ही गोष्ट मला विसरता येत नाही. याउलट सिंगापूरच्या १९७१ च्या संकल्पना आराखड्यात शहरी रेल्वेचे मार्ग दाखवलेले होते, आणि पहिली गाडी धावली १९८७ मध्ये.

सांडपाण्याच्या बाबतीत तर जमिनीचा उतारच नियोजनकाराला बांधून ठेवतो. मलवाहिनीतले पाणी शक्यतो आपल्या ओढीने वाहत जावे लागते, म्हणून शुद्धीकरण केंद्राला सखल जागाच हवी, बहुधा नाला नदीला मिळतो त्या बाजूची. ही जागा नकाशाच्या कोपऱ्यात असते, तिचा शेजार कुणालाच नको असतो, आणि आरक्षण उठवण्याची मागणी आली तर तिच्या बाजूने बोलायला फारसे कुणी पुढे येत नाही. ती हातची गेली की मैलापाणी पंपाने चढावर ढकलावे लागते. मग विजेचा खर्च कायमचा मागे लागतो, आणि पंप बंद पडला की तेच पाणी नाल्यात उतरते.

शाळांचे गणित निराळे आहे. नव्या वसाहतीत तरुण कुटुंबे एकदमच येतात, त्यामुळे मुलेही एकदमच शाळेच्या वयाची होतात आणि काही वर्षांनी वर्ग ओस पडू लागतात. अशा वेळी भूखंड विकण्याऐवजी इमारतीत वाचनालय किंवा वृद्धांसाठी केंद्र सुरू करावे, असे मला वाटते, कारण मुलांची पुढची पिढी आली की जागा पुन्हा लागणारच असते.

आराखड्यात प्रत्येक आरक्षणापुढे ते कोणत्या वर्षी, कोणत्या खात्याने आणि कोणत्या निधीतून विकसित करायचे, हे लिहिलेले असावे, आणि जलवाहिनी व मलवाहिनी पोहोचण्याआधी त्या भागात मोठ्या बांधकामांना परवानगी मिळू नये, एवढीच माझी मागणी आहे.